नवरदेवाच्या सूटविषयी, ताईकडून

अरे, तारीख ठरली, हॉल ठरला, आणि सूटचं विचारलं की तू म्हणतोस, "जाऊ गं एखाद्या शनिवारी, तासाभराचं तर काम." राजा, तासाभरात नुसतं कापडसुद्धा निवडून होत नाही. तुळशीचं लग्न लागलं की शिंप्यांकडे पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा गेलास तर एकच ट्रायल मिळेल, तीही घाईघाईची. म्हणून आत्ता बस जरा माझ्यापाशी. चारचौघांत बोलता येणार नाही असंही एक आहे, तेच आधी सांगून टाकते.

मुलीकडच्यांनी नवरदेवाला सूट करायचा, ही पद्धत बऱ्याच घरांत अजून चालू आहे. आपल्याकडचंही कुणी ना कुणी मोठं माणूस मानपानाचा विषय काढेल, आणि तुझे सासरे भिडेखातर हो म्हणतील. तू नाही म्हण. स्वतःच्या पगारातून, परवडेल तेवढ्याचा घे. त्यांनी घ्यायचा म्हटलं की तो चारचौघांत दिसेल असा झगमगीत घेतला जातो, पसंतीला दहा माणसं येतात, आणि तुला काय हवंय ते तू शेवटपर्यंत बोलत नाहीस. मी तुला ओळखते ना! शिवाय लग्नाच्या खर्चात एका बापाचा तेवढा भार हलका होतो. तिच्या घरी हे कुणी विसरणार नाही.

दुसरं, एका संध्याकाळपुरता सूट घेऊ नकोस. मरून रंगाचा, कॉलरला चकचकीत सॅटिन लावलेला कोट स्टेजवर दोन तास बरा दिसतो, पुढे कपाटात लटकून राहतो. नेव्ही ब्लू घे, नाहीतर गडद राखाडी. हाच सूट मुलाखतीला चालतो, मित्राच्या लग्नाला चालतो, परदेशात कामासाठी जावं लागलं तरी चालतो. काळा मोहात पाडतो, पण दिवसाउजेडी ऑफिसात तो जड वाटतो आणि त्याच्यावर प्रत्येक धागा, प्रत्येक कण दिसतो. तिच्या शालूचा रंग जरूर विचारून घे, पण कोट त्या रंगाचा करू नकोस. टाय किंवा वरच्या खिशातला रुमाल तेवढा त्या रंगाच्या जवळ जाऊ दे.

आता कापड. दुकानदार "टीआर" म्हणाला तर ते पॉलिस्टर आणि व्हिस्कोसचं मिश्रण. "टेरीवूल" म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर. ताग्याच्या किनारीवर बऱ्याचदा लोकरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते स्वतः वाच. तिथेच "सुपर 100", "सुपर 120" असे आकडे दिसतील. ते तंतूच्या बारीकपणाचे आहेत. सुपर 100 चा तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन जाडीचा, सुपर 150 चा 16.25 मायक्रॉनचा. आकडा चढेल तसं कापड मऊ होतं, पण लवकर चुरगळतं आणि लवकर झिजतंही. पहिल्या सूटला 100 ते 120 पुष्कळ झालं. त्यापुढे पैसे घालू नकोस.

लोकर म्हणजे उकडणार, असं तुला वाटत असेल. पातळ, थोड्या मोकळ्या विणीची ट्रॉपिकल लोकर मागून बघ. तिच्यातून हवा खेळते, घाम कोंडत नाही, आणि रात्रभर टांगून ठेवली की सुरकुत्या बऱ्याच अंशी आपोआप उतरतात. उकडतं ते पॉलिस्टर. शंका आली तर ताग्याच्या कडेचे दोन धागे मागून घे आणि बाहेर येऊन काडेपेटीने पेटव. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळली की भुगा होतो. पॉलिस्टर वितळतं, त्याचा कडक मणी होतो. मिश्रण असेल तर वासही येतो आणि मणीही हाताला लागतो. आणि परदेशी शिक्क्यासाठी जीव टाकू नकोस. ठाण्यात 1925 साली लोकरीची गिरणी सुरू झाली, तीच पुढे रेमंड. सुटाचं चांगलं कापड आपल्याकडे शंभर वर्षं विणलं जातंय. दीड मीटर पन्ह्याचं कापड कोट-पँटसाठी साधारण सव्वातीन मीटर लागतं. वेस्टकोट हवा असेल तर अर्धा-पाऊण मीटर जास्त घे.

कोटाच्या पोटात काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. छातीला आकार यावा म्हणून कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक थर असतो. स्वस्त कोटात तो गोंदाने चिकटवतात, त्याला फ्युजिंग म्हणतात. तीनचार ड्रायक्लीनिंग झाली की कधीकधी गोंद सुटतो आणि छातीवर फुगे येतात, ते पुन्हा बसत नाहीत. चांगल्या कोटात कॅनव्हास हाताने टाचलेला असतो, तो हळूहळू तुझ्या छातीचा आकार घेतो. ओळखायचं कसं? खालच्या काजाजवळ कोट चिमटीत धर, आणि बाहेरचं कापड व आतली बाजू अलगद वेगळी ओढ. मध्ये तिसरा, सुटा थर बोटांना लागला तर कॅनव्हास. शिंप्याला सरळ विचार, "हाफ कॅनव्हास कराल का?" छातीपुरताच तो घातला की खर्च आवाक्यात राहतो.

मापाबद्दल माझ्यावर विश्वास ठेव. ब्लाउज शिवून घेणाऱ्या प्रत्येक बाईला मुंढा काचणं म्हणजे काय ते ठाऊक असतं. तुम्हा मुलांना ते कुणी सांगतच नाही. कोटाचं सगळं खांद्यावर असतं. बाहीची लांबी कमी होते, कंबर आत घेता येते, पँट वर घेता येते, खांदा चुकला तर कोट उसवून पुन्हा घडवावा लागतो. तयार सूट घेणार असशील तरी खांदा बसतो तोच घे, बाकीचं नंतर सुधारता येतं. खांद्याची शिवण तुझं हाड संपतं तिथे संपायला हवी. भिंतीला कडेने टेकून उभा राहा. दंडाच्या आधी कोटाचा पॅड भिंतीला लागला तर कोट मोठा आहे. मागे मानेपाशी शर्टाची कॉलर आणि कोटाची कॉलर यांच्यात फट नको.

एक खाजगीतलं. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली आहे. इतकी वर्षं एकाच खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवलीस, त्याचा परिणाम असेल. लाजायचं काही नाही, बहुतेकांचे खांदे सारखे नसतात. पण शिंप्याला ते आधीच सांग, तो त्या बाजूला पातळ पॅड वाढवून देईल. नाहीतर फोटोत कोट एका बाजूला उतरलेला दिसेल आणि दोष तू स्वतःला देत बसशील.

ट्रायलला जाताना त्या दिवशीचाच शर्ट आणि बूट घालून जा. पोट आत ओढून उभा राहू नकोस, रोज उभा असतोस तसा राहा. बटण लावल्यावर पोटावर फुलीसारख्या चुण्या पडल्या तर कोट घट्ट आहे. हात खाली सोडलास की शर्टाचा कफ बाहीखाली अर्धा इंच दिसू दे. मग खुर्चीवर बस, आणि वाकून नमस्कार करून बघ. रिसेप्शनला अख्खी संध्याकाळ तू तेच करणार आहेस. पाठ ताणली गेली किंवा पँट मागे ओढली गेली, तर तिथल्या तिथे बोल. कच्च्या शिलाईत असतानाच ते सुधारतं.

घालतानाच्या गोष्टी थोड्याच. बाहीवर कंपनीची पट्टी शिवलेली असेल तर ती आधी उसव. मागच्या चिरेवर फुलीचा टाका असतो, तोही कापायचा असतो, खूपजण तसाच ठेवून मिरवतात. खालचं बटण लावू नकोस, आणि बसताना सगळी उघड. टायचं टोक पट्ट्याच्या बक्कलपर्यंत यायला हवं. पट्टा आणि बूट एकाच रंगाचे असू देत, आणि मोजे इतके लांब की बसल्यावर पाय उघडा पडू नये. नंतर कोट रुंद खांद्याच्या हँगरवर टांग. प्रत्येक वेळी ड्रायक्लीनिंगला टाकू नकोस, ब्रश फिरवून वाऱ्यावर ठेवलास की पुरतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलास तर बुरशी धरेल, त्यापेक्षा सुती कव्हरात ठेव.

बाबा म्हणतात, कपड्यांत काय ठेवलंय. त्यांचा साधेपणा मला प्रिय आहे, पण हे मला पटत नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांना सांगितलं होतं की अंगावरच्या ज्या खुणांवरून लोक तुम्हाला कमी लेखतात त्या टाकून द्या, कपडा ठिगळाचा असला तरी स्वच्छ असू द्या. ते स्वतः गावोगावच्या पुतळ्यांत सूट-टायमध्येच उभे आहेत. नीट कपडे करून ताठ मानेने उभं राहण्यात स्वाभिमान आहे, त्याला चैन म्हणू नये. आणि तो महागड्या सुटाने येत नाही. मापात बसलेला साधा टेरीवूलचा सूट ढगळ भारी सुटापेक्षा कधीही चांगला दिसतो. पैसे कमी पडले तर कापड एक पायरी खालचं घे, शिलाईत मात्र काटकसर करू नकोस.

तर या रविवारी माप द्यायला जा. बूट आणि शर्ट पिशवीत घे. पहिल्या ट्रायलला मी येते, खांदा मी बघते. रंग मात्र तुझा तू निवड, आणि एकदा निवडलास की कुणी काहीही म्हटलं तरी बदलू नकोस.