मिनॉक्सिडिल ‘लागू पडेनासे’ झाले तर?

प्रश्न : माझे वय ३४. टाळूवरचे केस विरळ होऊ लागले म्हणून डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिले. दोन वर्षे चांगला फरक होता. आता पुन्हा गळती सुरू झाली आहे. शरीराला औषधाची सवय झाली असेल का? आता काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : सवय झाली म्हणून औषध निकामी झाले, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात औषध बहुधा आपले काम करतच असते, पण मूळचा आजार पुढे सरकलेला असतो.

पुरुषी टकलात डीएचटी या संप्रेरकामुळे केसांची मुळे वर्षागणिक बारीक होत जातात. मिनॉक्सिडिल या संप्रेरकाला हात लावत नाही. ते फक्त केसाचा वाढीचा काळ लांबवते. गळक्या पिंपात वरून पाणी ओतत राहावे, तसा हा प्रकार. भोक मोठे होत गेले की पाणी ओतूनही पातळी खाली येते. ते भोक लहान करण्याचे काम फिनास्टेराइडचे, कारण डीएचटी तयार करणाऱ्या विकरालाच ते अडवते. म्हणून नुसत्या मिनॉक्सिडिलवर असलेल्या पुरुषाने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा तो फिनास्टेराइडचा. काही पुरुषांना त्याने कामेच्छा कमी होण्याचा किंवा मन उदास राहण्याचा त्रास होतो. तेव्हा आधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. दुकानातून परस्पर गोळी आणू नका. घरात कोणी गरोदर असेल तर त्यांनी या गोळीच्या चुऱ्याला हात लावू नये.

पण औषध वाढवण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, ते लावता कसे? पुष्कळजण केसांवर चोळतात, किंवा डोक्याला तेल असतानाच लावतात. टाळू कोरडी हवी. भांग पाडत जावे, ड्रॉपरने १ मिलि औषध थेट कातडीवर सोडावे, बोटाने पसरावे, हात धुवावेत आणि निदान चार तास डोके भिजवू नये. रात्रीचा खाडा झाला, सकाळचेही लावायचे राहिले, असे महिनोन्‌महिने चालले तर दोष औषधाचा नव्हे.

दुसरी, सध्याची गळती त्याच कारणाची आहे का? डेंग्यू, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने वजन उतरवणे, यांनंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी डोक्यावरचे केस सगळीकडून गळू लागतात. ताप विसरलेला असतो, त्यामुळे ठपका मिनॉक्सिडिलवर येतो. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. थायरॉइडचा दोष आणि लोहाची कमतरता यांसाठी रक्ततपासणी करून घ्या. त्याआधी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर प्रयोगशाळेला सांगा, कारण त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. शिवाय बायोटिनची कमतरता नसलेल्याला त्या गोळ्यांचा केसांसाठी उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा नाही.

एवढे करूनही फरक नसेल, तर पुढचे मार्ग आहेत. टाळूतले एक विकर मिनॉक्सिडिलला कामाच्या रूपात आणते. काहींच्या टाळूत ते कमी असते. अशांना त्वचारोगतज्ज्ञ मिनॉक्सिडिलची अगदी कमी मात्रेची गोळी देतात. हे औषध मुळात रक्तदाबाचेच. त्याने रुग्णांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, तेव्हा कुठे ते डोक्याला लावण्याचा विचार पुढे आला. त्यामुळे गोळीने पायावर सूज, धडधड, चेहऱ्यावर लव असे होऊ शकते. हृदयविकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे.

सुयांचा उपचार आपल्याकडेच अभ्यासला गेला आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांनी १०० पुरुषांवर केलेला अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त मिनॉक्सिडिल, तर उरलेल्यांना त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा डर्मारोलर, म्हणजे बारीक सुयांचा रूळ. १२ आठवड्यांनी टाळूच्या ठरावीक भागातील केसांच्या संख्येत सरासरी वाढ पहिल्या गटात सुमारे २२, तर दुसऱ्यात सुमारे ९१ होती. आकडे आशादायक आहेत, पण तीन महिने हा थोडका काळ. घरी स्वस्त रोलर फिरवून जंतुसंसर्ग ओढवून घेऊ नका.

पीआरपीचे, म्हणजे स्वतःच्याच रक्तातील प्लेटलेट्स टाळूत टोचण्याच्या उपचाराचे, निकाल माणसागणिक बदलतात आणि खर्च मोठा, म्हणून तो मी मागच्या रांगेत ठेवीन. केशरोपणात मागच्या बाजूची चिवट मुळे पुढे लावतात. ती टिकतात, पण शेजारचे जुने केस गळायचे थांबत नाहीत. रोपणानंतर औषध सोडता येते, ही समजूत महागात पडते.

टाळू दुखते, जळजळते, लाल दिसते, किंवा टकलाची जागा गुळगुळीत व चकचकीत झाली आहे, असे असेल तर मात्र वाट पाहू नका. व्रण पाडणाऱ्या आजारात मुळेच नष्ट होतात आणि गेलेले केस परत येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ गरजेनुसार टाळूचा छोटा तुकडा तपासून निदान करतात.

नवा कोणताही उपचार सुरू केला की एकाच उजेडात, एकाच कोनातून दर महिन्याला फोटो काढा आणि सहा महिन्यांआधी निकाल लावू नका. तोवर चिडून मिनॉक्सिडिल मात्र सोडू नका. ते बंद केल्यावर त्याने राखलेले केस तीन ते सहा महिन्यांत गळून जातात.