गुडघ्यातला सुटलेला तुकडा : प्लास्टर की दुर्बीण?

प्रश्न : दुचाकीवरून पडून मुलाच्या गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट हाडाच्या तुकड्यासकट उपटलंय. प्लास्टरने भागणार नाही का? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : भागतं, पण तुकडा जागेवर असेल तरच. मेयर्स आणि मॅककीव्हर यांची १९५९ची वर्गवारी आजही तेवढंच विचारते : तुकडा किती उचलला गेलाय? तो पूर्ण सुटला असेल, तर त्याच्याखाली बऱ्याचदा मेनिस्कसची, म्हणजे गुडघ्यातल्या कुर्चेच्या गादीची, कड अडकलेली असते. बाहेरून प्लास्टर कितीही घट्ट घाला, ती हलत नाही. दुर्बिणीतून ती बाजूला सारून तुकडा धाग्याने किंवा स्क्रूने मूळ खाचेत बसवतात. लिगामेंट स्वतःचंच राहतं. मात्र भोकं लहान म्हणून ऑपरेशन लहान, असं समजू नका. आणि दुर्बीणच नेहमी सरस, असंही नाही : मागचं लिगामेंट उपटलं असतं, तर मागून छेद घेऊन केलेली उघडी शस्त्रक्रियाही दुर्बिणीइतकीच चालली असती. ‘थांबून बघू’ म्हणणारे घरोघरी भेटतील. पण उशीर झाला की तुकडा नीट बसत नाही. नंतरचा खरा शत्रू म्हणजे आखडलेला गुडघा. शस्त्रक्रिया शक्यतो दोन-तीन आठवड्यांत उरका, आणि फिजिओथेरपी केव्हा सुरू होणार, हे सर्जनना आधीच विचारा.