विज्ञानकथेंतील परग्रहावरचा समाज

दूरच्या ग्रहावर मनुष्यांची वसाहत कल्पिणें सोपें आहे. परंतु तेथील रीतिरिवाज वाचकास खरे वाटतील असे रंगविणें फार कठिण. अमेरिकन ग्रंथकार फ्रँक हर्बर्ट यांच्या 'ड्यून' (१९६५) या कादंबरींत तें उत्तम साधलें आहे. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर गवत लावून सरकती वाळू थोपविण्याचा सरकारी प्रयोग पाहून त्यांस हा विषय सुचला.

अराकिस ग्रहावर पाऊस मुळींच पडत नाहीं, ही गोष्ट त्यांनीं पायाभूत धरली आणि तीवर तेथील फ्रेमेन लोकांचा आचार उभारला. हे लोक घाम व श्वासांतील ओलावा गाळून पुन्हां पिण्याजोगा करणारा पोशाख वापरतात. मृताच्या देहांतील पाणी टोळीच्या मालकीचें असतें. मृतासाठीं अश्रू ढाळणें हें तर मोठेंच दान समजतात.

फ्रेमेनांचा पुढारी स्टिलगार हा ड्यूक लेटो यांच्या भेटीस येतो आणि त्यांच्यासमोर मेजावर थुंकतो. बसलेले लोक संतापून उठूं लागतात. इतक्यांत डंकन आयडाहो त्यांस थांबवितो, पाहुण्याचे आभार मानतो व स्वतःही मेजावर थुंकतो. जेथें थेंबाथेंबाचें मोल, तेथें देहांतील ओलावा देणें हाच परम आदर! हें मर्म जाणणारा तेथें कोणी नसता, तर मैत्रीच्या जागीं वैर जडलें असतें.

सारांश, परक्यांचा आचार विचित्र दिसला म्हणून त्यांस रानटी ठरवूं नये. त्यांच्या भूमींत काय दुर्मिळ आहे, हें आधीं विचारावें. विद्यार्थी मित्रहो, स्वतः एखादा ग्रह कल्पावयाचा झाल्यास आरंभही याच प्रश्नापासून करावा.