फाइल गेली, पोचली का?

नोएडाच्या सेक्टर १६-अ मधल्या फिल्म सिटीच्या आसपास व्हिडिओ संकलन करून पोट भरणाऱ्या माणसाचे निम्मे दिवस फाइली चढवण्या-उतरवण्यात जातात. चित्रीकरण दिल्लीत, ध्वनिमिश्रण पुण्यात, गिऱ्हाईक लातूरला नाहीतर न्यू जर्सीत. इतकी वर्षं हे काम करताना जी मोठी नुकसानं जवळून पाहिली, ती फाइल पाठवता आली नाही म्हणून झालेली नव्हती. ती पोचलीच असेल असं कुणीतरी धरून चाललं, म्हणून झाली होती.

गुरुग्राममधल्या एका मराठी लग्नाचं काम माझ्याकडे असंच फार उशिरा आलं. चित्रीकरण करणाऱ्या मुलाने सगळं फुटेज आठवडाभराची मुदत असलेल्या एका सेवेवर चढवलं, नवरदेवाच्या काकांना लिंक पाठवली आणि पुढची ऑर्डर होती म्हणून कार्डं फॉरमॅट केली. काका सोलापूरला परतले, सत्यनारायण झाला, पाहुणे मार्गी लागले आणि मग ते निवांत लॅपटॉपसमोर बसले. तोवर लिंक मेली होती. ‘अहो, त्यांच्या सर्व्हरवर असेलच की कुठेतरी,’ असं ते मला फोनवर म्हणत राहिले. नव्हतं. मुदत संपली की अशा सेवा फाइल पुसून टाकतात. त्यांचा व्यवहारच तसा ठरलेला असतो. शेवटी नातेवाइकांच्या मोबाइलमधले तुकडे जोडून मी लग्नाची फिल्म उभी केली. तीत मंगलाष्टकं तीन कोनांतून आहेत आणि सप्तपदी एकाही कोनातून नाही.

तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एकच नियम सांगतो. समोरच्याने फाइल उतरवून, उघडून, शेवटपर्यंत चालवून ‘मिळाली’ असं कळवल्याशिवाय मूळ प्रत पुसायची नाही. पडद्यावरची पट्टी शंभर टक्के झाली म्हणजे फाइल आपल्याकडून निघाली, एवढंच.

आता हिशेब. फाइल मोजतात बाइटमध्ये आणि इंटरनेटचा वेग बिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी सेकंदाला साडेबारा एमबी जातात, तासाला ४५ जीबी. शिवाय जाहिरातीत ठळक छापलेला वेग बहुधा फाइल उतरवण्याचा असतो. चढवण्याचा वेग वेगळा विचारून घ्यावा. तालकटोरा स्टेडियममध्ये २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ ला ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तसा कार्यक्रम दोन कॅमेऱ्यांनी फोर-केमध्ये, १०० एमबीपीएसच्या दराने, दिवसाला सहा तास टिपला तर एका दिवसाचं फुटेज होतं ५४० जीबी. चढवण्याचा वेग १०० असेल तर बारा तास लागतील, २० असेल तर अडीच दिवस. ‘पूर्ण क्वालिटीत लगेच पाठव’ म्हणणाऱ्याला हा आकडा आधी सांगावा. निम्मा वाद तिथेच मिटतो.

झिप केल्याने व्हिडिओ लहान होत नाही, कारण कॅमेऱ्याने तो आधीच दाबलेला असतो. झिपचा फायदा एवढाच, की शेकडो फाइलींचं एक गाठोडं होतं.

आकारानुसार वाट निवडावी. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे, आणि जोडलेली फाइल मेलमधून जाताना साधारण एक तृतीयांशाने फुगते. व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंतची फाइल जाते, पण ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. गॅलरीतून पाठवलेला व्हिडिओ ॲप स्वतःच दाबून लहान करतं आणि मग पुण्याचा ध्वनिमिश्रक विचारतो, ‘हे काय पाठवलंस?’

त्याहून मोठ्या कामाला गुगल ड्राइव्हसारखी साठवण सोयीची. इथे तीन खाचा आहेत. पहिली म्हणजे मोफत मिळणारे १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असतात. जागा भरली की नवीन मेल येणं थांबतं, आणि ते ज्याचं त्याला पटकन कळतही नाही. दुसरी परवानगीची. लिंक पाठवायची आणि परवानगी द्यायची राहून जायची, असं सर्रास होतं. दुसऱ्या खात्यातून किंवा खासगी खिडकीतून लिंक एकदा स्वतः उघडून पाहावी, नाहीतर न्यू जर्सीतला गिऱ्हाईक आपल्या मध्यरात्री परवानगी मागत बसतो. तिसरी खाच ब्राउझरची. लॅपटॉप झोपी गेला की चढवणं अडतं. मोठी फाइल संगणकावर बसवलेल्या ड्राइव्हच्या ॲपमधून चढवावी. तार तुटली तरी ते पुन्हा काम हाती घेतं. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते म्हणून राउटरलाही इन्व्हर्टरची लाइन दिलेली बरी.

एकाच वाटेवर विसंबू नये, हे दिल्लीत राहिल्यावर लवकर समजतं. २०२० च्या टाळेबंदीत हार्ड डिस्क कुरिअरने पाठवणं मुश्कील झालं होतं आणि सगळी भिस्त ऑनलाइन सेवांवर होती. नेमक्या त्याच काळात, १८ मे २०२० च्या आदेशाने, दूरसंचार विभागाने राष्ट्रीय हित आणि जनहिताचं कारण देऊन इंटरनेट कंपन्यांना वीट्रान्सफर ही लोकप्रिय सेवा अडवायला सांगितलं. पुढे २६ जानेवारी २०२१ ला शेतकरी आंदोलनाच्या वेळी गृह मंत्रालयाने सिंघू, गाझीपूर, टिकरी, मुकरबा चौक आणि नांगलोई या भागांत इंटरनेट बंद ठेवलं. अशा दिवशी ज्याची ठरलेली वाट बंद झाली आणि दुसरी तयार नव्हती, त्याचं काम तिथेच अडकलं. म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची खाती आधीच उघडून, वापरून ठेवावीत.

मधला सर्व्हर नकोच असेल तर सिंकथिंगसारखं मोफत साधन दोन संगणक थेट जोडतं. आकाराची अट नाही, अडलेलं काम पुढे चालू होतं. फक्त दोन्ही संगणक एकाच वेळी चालू हवेत. या थेट देवाणघेवाणीचा जुना कित्ता एका भारतीयाने घालून दिलेला आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये एफटीपी या फाइल पाठवण्याच्या नियमावलीचा पहिला मसुदा लिहिला. मूळ एफटीपीत पासवर्डही उघडा जातो, म्हणून आज कुणी त्या वाटेने फाइल मागितली तर सुरक्षित एसएफटीपी आहे का ते विचारावं.

आणि अर्धा टीबी ओलांडला की मी सरळ रेल्वेकडे वळतो. ४ टीबीची डिस्क घेऊन राजधानीने निघालेला माणूस सोळा तासांत मुंबईत उतरतो. वेग काढला तर साडेपाचशे एमबीपीएसच्या वर जातो. दिल्लीत मराठी माणसाला असा प्रवासी नेहमी सापडतो. येताना जो बाकरवडी आणतो तोच जाताना डिस्क नेतो. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी, कारण फॅट३२ वर ४ जीबीची एक फाइलसुद्धा मावत नाही. पासवर्डने कुलूपबंद करावी आणि दुसरी प्रत घरी ठेवावी. तोवर समोरच्याचं काम अडू नये म्हणून फुटेजच्या हलक्या प्रॉक्सी प्रती नेटवरून पाठवाव्यात. संकलन त्यांच्यावर सुरू होतं, मूळ फाइली मागून येऊन मिळतात.

पोचलेली फाइल अस्सल आहे का, हे आकारावरून पुरतं ठरत नाही. सेव्हन-झिप बसवलं की फाइलीवर उजवी टिचकी देऊन तिचा एसएचए-२५६ हा ओळख-आकडा काढता येतो. दोन्हीकडचा आकडा सारखा आला तर फाइल जशीच्या तशी पोचली. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी आकडा पार बदलतो.

खासगी मजकूर असेल तर सेव्हन-झिपमध्येच पासवर्ड घालावा, आणि तो लिंकसोबत न पाठवता फोनवर सांगावा. ‘तुमच्यासाठी फाइल आली आहे’ अशा मेलमधली लिंक उघडल्यावर कुणी मेलचा पासवर्ड मागितला तर ती फसवणूक समजावी. पाठवणाऱ्याला फोन करून खात्री करायला मिनिटही लागत नाही.

आता प्रत्येक लिंकसोबत मी चार गोष्टी लिहून पाठवतो: एकूण फाइली किती, आकार किती, लिंक कोणत्या तारखेला बंद होईल आणि एसएचए-२५६ काय. खाली लिहितो, ‘मूळ प्रत तुमचं उत्तर येईपर्यंत सांभाळतो. उतरवून, शेवटचं मिनिट पाहून कळवा.’ मुदतीच्या दोन दिवस आधी उत्तर आलेलं नसेल तर मी स्वतः फोन करतो. माणसं कंटाळतात, काही हसतात, पण कळवतात.