पाणी कोणाचे, मासा कोणाचा?

शास्त्रवाचन : लेवीय 19:9-10, अनुवाद 22:6-7, योहान 21:1-14



सुट्टी लागली की पुण्यातील आपले अनेक तरुण गळ घेऊन धरणांकडे निघतात. मंडळीच्या सहलीतही कोणीतरी गळ बरोबर आणतोच. छंद वाईट नाही. प्रभूचे पहिले शिष्य मासे धरणारेच होते. पण त्यांचा तो छंद नव्हता, त्यावर त्यांचे पोट होते. म्हणून पाण्यात गळ टाकण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारू : हे पाणी कोणाचे?

1. पाण्याखालची शेते

आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव या धरणाच्या पाण्याखाली गेले. महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांच्या जमिनीही गेल्या. पाणी कालव्यांनी खालच्या शेतांना मिळाले; काठावर राहिलेल्यांपुढे मात्र उद्या काय खायचे हा प्रश्न उभा राहिला. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साथीने त्यांनी जलाशयात मासेमारी सुरू केली, आपली सहकारी संस्था उभी केली. 2012 मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्या पाण्याने शेत नेले, त्याच पाण्यातून त्यांनी भाकरी काढली.

2. परवाना कशासाठी?

राज्यातील बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, तोही सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना. संस्था ठेक्याची रक्कम भरते, कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली विकत आणून पाण्यात सोडते आणि ती वाढण्याची वाट पाहते. म्हणजे तेथील मासा हे कोणीतरी पेरलेले पीक आहे. आपण दुसऱ्याच्या शेतातील कणसे विचारल्याशिवाय तोडत नाही, येथेही तसेच.

तेव्हा आधी त्या संस्थेला विचारावे, पैसे मागितले तर द्यावेत आणि पावती घ्यावी. धरणाचा परिसर जलसंपदा विभागाकडे असतो. तेथे प्रवेशबंदीचा फलक असेल तर मागे फिरावे. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीवाचून गळ टाकू नये. शंका असल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी.

3. आई आणि पिल्ले

अनुवादातील वचन आठवा. घरट्यातील पिल्ले घेतली तरी आईला सोडून द्यावे, म्हणजे वंश राहतो. मासेमारीच्या नियमांचे मर्म हेच आहे. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष घालून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, कारण त्यात पिल्लूही वाचत नाही. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. आपल्या ओढ्यांतही पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाविरुद्ध चढतात. अशी चढणीची मासळी सरसकट धरली तर पुढच्या वर्षी काय उरणार? दख्खनच्या महसीर माशाची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केली, तीही पुण्याजवळच्या नदीतील माशावरून. असा मासा गळाला लागला तर हात ओले करून अलगद सोडवावा आणि पाण्यात परत सोडावा.

4. दान नव्हे, हक्क

लेवीय 19 मध्ये शेताचे कोपरे गरिबासाठी व उपऱ्यासाठी राखून ठेवण्याची आज्ञा आहे. मालकाला दया आली तर द्यावे, असे ते नाही. तो गरिबाचा वाटाच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यातील कलम 3(1)(घ) वनांत राहणाऱ्या समुदायांचा मासे व पाण्यातील इतर उपजावरील हक्क मान्य करते. पण हा हक्क आपोआप कागदावर येत नाही. ग्रामसभेने दावा करावा लागतो, नकाशे आणि पुरावे जोडावे लागतात. कातकरी बाई संध्याकाळच्या कालवणापुरते मासे ओढ्यातून धरते, तेव्हा तिच्या हातात कागद नसतो. नियमाचा बडगा अशा माणसावर आधी उगारला जातो आणि महागडा गळ घेऊन आलेला पाहुणा सुटतो. आपण परवाना घेतो तो केवळ दंड चुकवण्यासाठी नव्हे. तिचा वाटा आपण मानतो, याची ती खूण आहे.

तिबिर्याच्या काठी जाळ्यात 153 मासे आले, तेव्हा प्रभूने शिष्यांना न्याहारीला बोलावले. त्याच्या पंक्तीत कोणी उपाशी राहिला नाही.

मननासाठी

1. आपण सहलीला जातो त्या जलाशयाखाली कोणाची गावे गेली, हे आपल्याला ठाऊक आहे का?
2. गरिबाचा ‘वाटा’ आणि गरिबाला दिलेले ‘दान’ यांत काय फरक आहे?
3. वनहक्काचा दावा भरणाऱ्या ग्रामसभेला आपली मंडळी लिखापढीत कशी मदत करू शकेल?

प्रार्थना : हे प्रभू, नद्या आणि त्यांतील जीव तुझे आहेत. घेताना आम्हांला मर्यादा शिकव आणि ज्यांचे आधीच गेले आहे त्यांचा वाटा आमच्या हातून जाऊ देऊ नकोस. आमेन.