गोवर : समज, गैरसमज आणि प्रतिबंध

बालकाला ताप येऊन अंगावर लालसर पुरळ उठले की आपल्याकडे ‘गोवर निघाला’ असे म्हणतात. काही घरांत तो आजही देवीचा कोप मानला जातो. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधून दवाखाना टाळला जातो. वस्तुतः गोवर हा विषाणूजन्य व अत्यंत सांसर्गिक रोग आहे. रुग्णाच्या खोकण्या-शिंकण्यातून बाहेर पडलेला विषाणू हवेत सुमारे दोन तास टिकतो.

संसर्गानंतर साधारणतः १० ते १४ दिवसांनी ताप, खोकला, सर्दी आणि डोळ्यांची लाली ही लक्षणे दिसतात. पुढे कानामागून व चेहऱ्यावरून पुरळ खाली पसरते. न्यूमोनिया, अतिसार, अंधत्व व मेंदूज्वर हे त्याचे घातक परिणाम होत. कुपोषित बालकांना त्यांचा धोका अधिक असतो.

पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच रुग्ण इतरांना रोग देऊ लागतो. त्यामुळे वसतिगृहात रोग ओळखू येईपर्यंत शेजारच्या अंथरुणावरील मुलाला लागण झालेली असू शकते. रुग्णाला पुरळानंतर किमान चार दिवस वेगळे ठेवावेच. परंतु खरे संरक्षण आधी घेतलेल्या लशीचेच असते. गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस ९ ते १२ महिने आणि दुसरा १६ ते २४ महिने या वयात शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतो. समाजातील ९५ टक्के मुलांनी दोन्ही डोस घेतल्यास साथ पसरत नाही.

२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी आणि धुळ्याच्या शेजारील मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. मुंबईत अनेक बालके दगावली. आपल्या खानदेशातून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा दुसरा डोस अनेकदा हुकतो. अशा पालकांनी लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे आणि जिथे मुक्काम असेल तेथील आरोग्य केंद्रात डोस पूर्ण करावा.

गोवर झालेल्या मुलाचे अन्न-पाणी तोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने सलग दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा द्यावी; तिने डोळे व प्राण वाचण्यास मदत होते.

केवळ परंपरेने चालत आले म्हणून काही स्वीकारू नये, हा कालामसुत्ताचा बोध आहे. अतिसाराने पीडित, उपेक्षित भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वहस्ते स्नान घातले होते. आजारी बालकाला कोपाच्या भीतीने घरात न लपविता वेळेवर उपचार मिळवून देणे, आणि निरोगी बालकाला वेळेवर लस देणे, हेच त्या करुणेचे आजचे आचरण होय.