रिसीव्हर व स्पीकर यांचा मेळ

घरीं बसून चित्रपट पाहण्यासाठीं 'होम थिएटर' घेण्याची हौस हल्लीं पुष्कळ कुटुंबांत दिसून येते. समोर पडदा, भोंवतालीं पांच किंवा सात स्पीकर, आणि त्या सर्वांस शक्ति पुरविणारा एक रिसीव्हर, असा हा संच असतो. तो घेतांना दुकानांत एकच प्रश्न वारंवार कानीं येतो : "वॅट किती?" हा प्रश्न चुकीचा नाहीं, परंतु अपुरा आहे. त्या अपुरेपणाची किंमत मीं स्वतः मोजली आहे, म्हणून तो धडा आज तुमच्यापुढें मांडतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं एक लहान रिसीव्हर घेतला. स्पीकर १०० वॅटांचे आणि रिसीव्हर अवघा ४० वॅटांचा. तेव्हां स्पीकरांस भय कसलें, अशी माझी समजूत होती. एका रात्रीं घरीं पाहुणे जमले. आवाज कमी वाटला म्हणून मीं बटण पुढें पुढें फिरवीत नेलें. प्रथम आवाज कर्कश झाला. मग झांजेचा नाद आणि बोलण्यांतील 'स', 'श' हे वर्ण जणूं नाहींसे झाले. स्पीकरांतील ट्वीटर, म्हणजे उंच स्वर काढणारे लहान भाग, जळून गेले होते. चाळीस वॅटांनीं शंभर वॅटांचा स्पीकर जाळला कसा?

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, स्पीकरवर लिहिलेले वॅट तो उत्पन्न करीत नाहीं, तर सोसतो. त्याच्या आंत बारीक तारेचें वेटोळें असतें. विजेची बहुतेक शक्ति तेथें उष्णतेंत जाते आणि थोडासाच अंश ध्वनि बनतो. उष्णता मर्यादेपलीकडे गेली कीं वेटोळें जळतें.

आतां रिसीव्हरकडे वळूं. तो जितका विद्युद्दाब देऊं शकतो त्यास एक ठराविक मर्यादा असते. जणूं खोलीचें छतच. ध्वनीची लाट त्या छतास भिडली म्हणजे तिचीं शिखरें कापलीं जातात. डोंगराच्या जागीं पठार उरतें. यापासून दोन अपाय होतात. एक, अशा सपाट लाटेंत तितक्याच उंचीच्या अखंड गोल लाटेच्या जवळजवळ दुप्पट शक्ति मावूं शकते; म्हणजे ४० वॅटांचा रिसीव्हर ८० वॅटांच्या आसपास देऊं लागतो. दुसरा, कापलेल्या कोपऱ्यांतून मूळ संगीतांत नसलेले उंच स्वर निर्माण होतात आणि ते थेट ट्वीटरकडे जातात. सामान्य संगीतांत उंच स्वरांचा वांटा लहान असतो, म्हणून ट्वीटरची तार नाजूक केलेली असते. स्पीकरवरील '१०० वॅट' हा आंकडा साध्या संगीतासाठीं व सबंध स्पीकरासाठीं असतो. एकट्या ट्वीटरासाठीं नव्हे.

उलट, १०० वॅटांच्या स्पीकरास १५० वॅटांचा रिसीव्हर जोडल्यानें तो लगेच जळत नाहीं. बटण जितकें मागतें तितकीच शक्ति वाहते. मोटार ताशीं १५० किलोमीटर धांवूं शकते म्हणून ती गल्लींतून त्या वेगानें जात नाहीं, तसेंच हें. मात्र चालविणारा अविचारी असेल तर दोन्ही ठिकाणीं अपघात ठरलेला.

मग किती वॅट पुरे? येथें डेसिबेलांचा हिशेब लागतो. एक वॅट दिला असतां एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबेल आवाज काढतो, यास त्याची संवेदनशीलता म्हणतात. शक्ति दुप्पट केली कीं आवाज अवघा ३ डेसिबेलांनीं वाढतो. दसपट केली कीं १० डेसिबेलांनीं, आणि ही वाढ कानास सुमारें दुप्पट भासते. म्हणून ५० वॅटांऐवजीं १०० वॅट घेतल्यानें आवाज दुप्पट होत नाहीं; थोडासा चढतो इतकेंच. समजा, एक स्पीकर ८५ डेसिबेलांचा आहे व दुसरा ९१ डेसिबेलांचा. पहिल्यास ८० वॅट देऊन जो आवाज निघेल तो दुसरा २० वॅटांत काढील.

आतां ८८ डेसिबेलांचा स्पीकर घेऊं. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबेलांनीं घटतो. म्हणजे ४ मीटरांवर एका वॅटांत ७६ डेसिबेल ऐकूं येतील. बंद खोलींत भिंतींच्या परावर्तनामुळें त्याहून कांहीं अधिक. साधें संभाषण सुमारें ६० डेसिबेलांचें असतें. तेव्हां एक वॅटही बराच मोठा झाला. पण चित्रपटांत अकस्मात् स्फोट झाला आणि आवाज २० डेसिबेलांनीं उसळला, तर त्या क्षणीं १०० वॅट लागतात. राखीव शक्ति हवी ती अशा क्षणांसाठीं.

दुसरी तपासणी ओह्मची. गेओर्ग सिमोन ओह्म हा जर्मनींतील कोलोन येथें शाळाशिक्षक होता. शाळेच्या प्रयोगशाळेंतच त्यानें विजेचे प्रयोग आरंभिले, आणि १८२७ सालीं आपला सिद्धांत ग्रंथरूपानें सविस्तर मांडला. दाब तोच ठेवून रोध निम्मा केला कीं प्रवाह दुप्पट होतो. २० व्होल्टांवर ८ ओह्मच्या स्पीकरांतून २.५ अँपिअर वाहतात व ५० वॅट लागतात. ४ ओह्मच्या स्पीकरांतून ५ अँपिअर वाहतात व १०० वॅट लागतात. जो रिसीव्हर ८ ओह्मसाठींच बनविला आहे, तो ४ ओह्मच्या ओझ्याखालीं तापतो किंवा मध्येंच बंद पडतो. ८ ओह्मचे दोन स्पीकर एकाच जागीं समांतर जोडले तरी ४ ओह्मच होतात, हेंही विसरूं नये.

राहिला खोक्यावरील आंकडा. एकच वाहिनी, एकच स्वर आणि शेंकडा दहा विकृति धरून मोजलेले १०० वॅट निराळे. आणि दोन वाहिन्या एकाच वेळीं चालवून, २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत, अत्यल्प विकृतींत मोजलेले १०० वॅट निराळे. पांचही वाहिन्या एकदम चालल्या तर प्रत्येकीच्या वांट्यास आणखी कमी येतात, कारण सर्वांचा विद्युत्पुरवठा एकच असतो. अमेरिकेंत अशा जाहिरातींसाठीं फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ सालीं नियम करावा लागला. आपल्याकडील स्वस्त संचांवर 'पीएमपीओ' म्हणून छापलेले हजारों वॅट तर क्षणमात्राचे. बडा घर पोकळ वासा!

सुज्ञ पालकांनीं खरेदीपूर्वीं चार गोष्टी विचाराव्या : स्पीकरची संवेदनशीलता किती, त्याचे ओह्म किती, त्याच्या निर्मात्यानें किती वॅटांचा रिसीव्हर सुचविला आहे, आणि रिसीव्हरचे वॅट कोणत्या अटींवर मोजले आहेत. सुचविलेल्या मर्यादेंत वरच्या बाजूचा रिसीव्हर घ्यावा. सबवूफर असल्यास सुमारें ८० हर्ट्झखालील स्वर त्याच्याकडे सोपवावे. त्यास बहुधा स्वतःचा अँप्लिफायर असल्यामुळें रिसीव्हरचा भार हलका होतो.

आणि मुलांनो, बटण बहुधा तुमच्याच हातीं असतें! आवाज कर्कश होऊं लागला कीं तें तत्काळ मागें फिरवा. तो कर्कशपणा म्हणजे यंत्राची विनवणी आहे. मीं ती ऐकली नाहीं, म्हणून आईवडिलांच्या कष्टाच्या पैशांतून आलेल्या वस्तूवर तीच वेळ तुमच्या हातून येऊं नये. अंथरूण पाहून पाय पसरावे हें सर्वांस पाठ आहे. पण अंथरूण आधीं मोजावें लागतें, आणि मोजण्याची विद्या तर शाळेंत तुम्हांस रोज शिकवितों.